गटारातला विषारी वायू हा कोणाचा उच्छ्वास?

एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एका पडीक विहिरीत मांजर पडले. विहिरीत पाणी उरले नव्हते, गोबरगॅसची शेणस्लरी तिच्यात सोडली जात होती. मांजराला काढायला एक जण उतरला आणि खालीच कोसळला. त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा. कमरेला दोर बांधून उतरलेल्या एकाला तेवढे जिवंत बाहेर काढता आले. बाकी पाच जण गेले.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टँकमध्ये तीन सफाई कामगारांचा जीव गेला. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मॅनहोल, सेप्टिक टँक, कारखान्याची टाकी, शेणाचा खड्डा... जागा बदलते, घटनाक्रम तोच राहतो. बातमीतले शब्दही ठरलेले असतात: ‘विषारी वायूमुळे गुदमरून मृत्यू’, ‘दुर्दैवी अपघात’.

हा विषारी वायू तिथे आला कुठून, हे मात्र बातमीत सहसा नसते. तो कोणी आणून ओतलेला नसतो, की जमिनीतून अवचित फुटलेला नसतो. त्या गाळात कोट्यवधी सूक्ष्मजीव जगत असतात आणि हा वायू म्हणजे त्यांचा उच्छ्वास असतो. तो कधी, कुठे आणि का तयार होतो, हे विज्ञानाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. जी गोष्ट इतकी अंदाज बांधता येण्याजोगी आहे, तिला अपघात म्हणायचे का, हा खरा प्रश्न आहे.

श्वास म्हणजे नेमके काय?

श्वास म्हटला की आपल्याला छाती आणि फुप्फुसे आठवतात. पेशीच्या पातळीवर श्वसनाचा अर्थ वेगळा आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कुठे तरी नेऊन टाकायचे आणि त्या वाटेवर ऊर्जा काढून घ्यायची, एवढेच ते काम.

कोयनेच्या धरणाचे उदाहरण घेऊ. वर साठवलेले पाणी खाली येते तेव्हा टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. जिवाणूच्या पेशीपटलातही असेच घडते. साखरेसारख्या अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असे पायरीपायरीने ‘खाली’ उतरतात. त्या उतारावर मिळणाऱ्या ऊर्जेने हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पटलाच्या बाहेर ढकलले जातात. बाहेर त्यांचा साठा होतो, जणू धरणच भरते. मग हे कण एका सूक्ष्म फिरत्या यंत्रातून परत आत येतात आणि ते यंत्र ‘एटीपी’ नावाचा ऊर्जेचा रेणू तयार करते. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. सुरुवातीला अनेकांनी ती उडवून लावली, पण १९७८ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळाले.

या उताराच्या तळाशी इलेक्ट्रॉन स्वीकारणारा कोणी तरी हवा. तो नसेल तर वाट तुंबते आणि सगळे थांबते. आपल्या पेशींसाठी हा स्वीकारणारा म्हणजे ऑक्सिजन. आपण दिवसरात्र श्वास घेतो तो एवढ्यासाठीच. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन फार जोराने ओढतो, म्हणून उतार खोल मिळतो आणि ऊर्जाही भरपूर मिळते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून आपल्या पेशी साधारण ३० एटीपी मिळवतात.

माणसाला दुसरा पर्याय नाही. जिवाणूंकडे मात्र पर्यायांची अख्खी यादी आहे.

ऑक्सिजन संपला, तरी जगणे चालूच

हवेशिवाय जगणारे जीव असतात हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये दाखवले, तेव्हा ते अनेकांना अशक्य वाटले होते. आज आपल्याला ठाऊक आहे की ऑक्सिजन नसेल तर अनेक जिवाणू नायट्रेटवर इलेक्ट्रॉन टाकतात. नायट्रेट संपले तर काही जण लोहाच्या किंवा मँगनीजच्या संयुगांवर टाकतात. तेही नसेल तर सल्फेट. सर्वांत खालच्या पायरीवर कार्बन डायऑक्साइड. प्रत्येक पायरीगणिक उतार उथळ होत जातो आणि मिळणारी ऊर्जा घटत जाते.

ज्यांना असा कोणताच स्वीकारणारा मिळत नाही, ते किण्वन करतात. म्हणजे अन्नाचाच एक तुकडा इलेक्ट्रॉन ठेवायला वापरतात आणि आम्ल किंवा अल्कोहोल बाहेर टाकतात. दुधाचे दही होते ते असेच. यातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे फक्त २ एटीपी मिळतात.

आपल्या विषयासाठी यातला एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एका घासातून ऊर्जा कमी मिळत असेल तर पोट भरायला घास जास्त लागतात, आणि टाकाऊ पदार्थही जास्त निघतात. ऑक्सिजनवर जगणारा जिवाणू अन्नाचा मोठा हिस्सा स्वतःचे शरीर वाढवायला वापरतो. ऑक्सिजनविना जगणारा त्याच अन्नातला बहुतेक भाग आम्ले आणि वायूंच्या रूपाने बाहेर फेकतो. बंद टाकीत मैला असेल तर वायू साठणारच, तो याच हिशेबाने.

गटारातला साधा हिशेब

आता ही यादी गटारात लावून पाहू. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो. घरगुती सांडपाण्यातले अन्न पचवायला मात्र जिवाणूंना लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे पाण्यात असलेला ऑक्सिजन गरजेच्या तिसाव्या हिश्श्याइतकाच. वाहत्या, उघड्या पाण्यात हवेतून तो पुन्हा मिसळत राहतो. झाकण लावलेल्या टाकीत किंवा तुंबलेल्या वाहिनीत ती सोय नसते. पाण्यातला ऑक्सिजन तर संपतोच, शिवाय पाण्यावरच्या कोंडलेल्या हवेतलाही ओढला जातो.

सांडपाण्यात नायट्रेट फारसे नसते. मग पाळी येते सल्फेटची. ते पिण्याच्या पाण्यात, लघवीत, साबण आणि डिटर्जंटमध्ये असतेच. सल्फेटवर जगणारे जिवाणू डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १८९५ मध्येच वेगळे करून दाखवले होते. ते वाहिनीच्या भिंतीवरल्या बुळबुळीत थरात आणि तळाच्या गाळात राहतात. त्यांच्या श्वसनातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो या वायूचा. प्रथिने कुजतानाही तो निघतो.

त्याहून खाली, सल्फेटही जिथे संपते तिथे, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. ते जिवाणूंसारखे दिसत असले तरी ‘आर्किया’ नावाच्या वेगळ्या गटातले आहेत. त्यांना मिळणारी ऊर्जा इतकी थोडी असते की अन्नातला बराच मोठा वाटा मिथेनमध्ये तसाच शिल्लक राहतो. गोबरगॅसवर आपली चूल पेटते ती या शिल्लक ऊर्जेवर.

असा हा क्रम आहे. त्यात नशिबाचा भाग जवळजवळ नाही. मैला किंवा शेण, पाणी, ऊब आणि बंद जागा एवढे जमले की हे वायू तयार होणारच, आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात अधिक वेगाने होणार.

एकाचा उच्छ्वास, दुसऱ्याचा मृत्यू

हायड्रोजन सल्फाइड इतका घातक का? याचे उत्तर पुन्हा त्याच उताराच्या तळाशी आहे. आपल्या पेशीत ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारे शेवटचे प्रथिन असते, ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज’. हायड्रोजन सल्फाइड नेमका तिथे जाऊन अडकतो. रक्तात ऑक्सिजन असला तरी पेशीला तो वापरता येत नाही. सायनाइडचा घाव बसतो तोही इथेच. गंमत अशी की आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायसारख्या जिवाणूंकडे याच कामासाठी एक पर्यायी प्रथिन असते आणि ते या वायूला दाद देत नाही. आपल्याकडे तसे काही नाही.

प्रमाण पाहिले की धोका स्पष्ट होतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भाग असण्याआधीच नाकाला वास येतो. १० भाग झाले की साधारणपणे सुरक्षा यंत्राची घंटा वाजायला हवी. १०० भागांच्या पुढे काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. माणसाला वाटते, वायू गेला. ५०० ते ७०० भागांना तो कोसळतो. १,००० भागांना, म्हणजे हवेच्या अवघ्या ०.१ टक्क्याला, एकदोन श्वासांत सारे संपू शकते.

ऑक्सिजनची कमतरता हा याला जोडून येणारा धोका. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा असुरक्षित मानतात. ६ टक्क्यांच्या खाली काही श्वासांतच शुद्ध हरपते. पाण्यात बुडी मारताना आपण मिनिटभर श्वास रोखतो, तसे इथे नसते. ऑक्सिजन नसलेली हवा फुप्फुसात गेली की रक्तातला ऑक्सिजन उलट बाहेर खेचला जातो. ‘पटकन उतरून पटकन येतो’ हा हिशेब इथेच चुकतो. पोहणारा, धडधाकट, तरुण असे कोणीही असले तरी फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट कामगार आणि मुकादम अनुभवाने सांगतात, ‘आधी काहीच नव्हते, खाली काम सुरू केल्यावर अचानक झाले.’ तेही खरे आहे. हायड्रोजन सल्फाइडचा बराच भाग गाळात आणि पाण्यात विरघळून दबलेला असतो. फावडे किंवा काठी घालून गाळ ढवळला की तो एकदम सुटतो, सोड्याची बाटली हलवावी तसा. म्हणून उतरण्याआधी एकदा तपासणी करून भागत नाही, काम चालू असेपर्यंत ती चालू ठेवावी लागते.

गावाकडे विहिरीत दिवा किंवा कंदील सोडून पाहण्याची पद्धत आहे. तिच्यावर विसंबू नये. ऑक्सिजन फार कमी असेल तर दिवा विझेल, हे खरे. पण हजारातला एक भाग हायड्रोजन सल्फाइड असला तरी दिवा जळतच राहील आणि माणूस मरेल. आणि मिथेन साठला असेल तर त्याच दिव्याने स्फोट होऊ शकतो. तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा करोनाकाळातला मास्क या वायूला अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारे किंवा पाठीवरच्या सिलिंडरचे श्वसनयंत्र हाच उपाय.

कायदा आहे, आकडेही आहेत

इतके सगळे माहीत असताना माणसे मरतात किती? सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ जणांचा मृत्यू झाला. २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंचा सामाजिक न्याय मंत्रालयाने अभ्यास करवून घेतला. त्यातल्या ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे कोणतेही साधन नव्हते.

हाताने मैला साफ करवून घेण्यावर १९९३ मध्ये पहिला कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा. दुसऱ्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करवून घेणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्यास सांगितले. गोवंडीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिन्ही विधवांना भरपाई देण्याचे आदेश दिले, त्यासाठीही त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

सरकारी उत्तरांत एक शब्दभेद वारंवार दिसतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेमुळे कोणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही, मृत्यू झाले ते ‘गटारांच्या धोकादायक सफाई’मुळे, असे सांगितले जाते. कायद्याच्या व्याख्येत हा फरक असेलही. पण सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूला ही व्याख्या माहीत नसते. खड्ड्यात उतरलेल्या माणसाच्या पेशीत जे होते, ते दोन्हीकडे एकच असते. आणि उतरणारा माणूस कोण असतो, हेही योगायोगाने ठरत नाही. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेखाली नोंदवलेल्या पहिल्या सुमारे ३८ हजार गटार-सेप्टिक टँक कामगारांपैकी ९२ टक्क्यांच्या आसपास अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले होते.

साखळी अशी असते: संस्था कंत्राटदाराला बोलावते, कंत्राटदार मुकादमाला, मुकादम नाक्यावरच्या दोन मजुरांना. वायुमापक कोणाकडेच नसतो. मृत्यू झाला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव टिकत नाही. बंद टाकीत काय तयार होते हे शालेय पुस्तकातल्या किण्वनाच्या धड्याच्या एकच पाऊल पुढे आहे.

जिवाणूंनाच कामाला लावता येते

हेच ज्ञान उपायही सुचवते. मलप्रक्रिया केंद्रात मोठाले ब्लोअर लावून सांडपाण्यात हवा सोडतात. ही पद्धत १९१४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरला प्रथम मांडली गेली आणि आज जगभर चालते. उद्देश एकच, जिवाणूंना ऑक्सिजन मिळावा म्हणजे ते वरच्या पायरीवर राहतील. काही देशांत लांब वाहिन्यांमध्ये कॅल्शियम नायट्रेट सोडतात. जिवाणूंना सल्फेटपेक्षा नायट्रेट फायद्याचे पडते, त्यामुळे हायड्रोजन सल्फाइडच कमी तयार होतो. वाहिनीचा उतार नीट ठेवला, गाळ साचू दिला नाही, हवा खेळती राहिली तरी मोठा फरक पडतो.

हा खर्च पालिकांच्याही हिताचा आहे. हायड्रोजन सल्फाइड वाहिनीच्या छताशी पोहोचला की तिथल्या ओलसर भिंतीवर दुसरे जिवाणू त्याची वाट पाहत असतात. ते ऑक्सिजन वापरून या वायूपासूनच ऊर्जा मिळवतात आणि सल्फ्युरिक आम्ल सोडतात. काँक्रीटचे नळ आतून खाल्ले जातात, रस्ते खचतात, ते अनेकदा यामुळे.

सफाईसाठी सक्शन आणि जेटिंगच्या गाड्या आहेत. केरळच्या तरुण अभियंत्यांनी तयार केलेला ‘बँडिकूट’ यंत्रमानव २०१८ पासून वापरात आहे. अडचण येते ती अरुंद गल्ल्यांत, जुन्या चाळींच्या मागे, गाडी न पोहोचणाऱ्या जागी. तिथे लहान यंत्रे आणि लांब नळ्या विकत घ्याव्या लागतील. हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि अंदाजपत्रकात कोणाचा जीव किती मोलाचा धरला जातो याचा जास्त आहे.

आपल्या हातात काय?

सोसायटीचे पदाधिकारी असाल तर टाकी साफ करताना माणूस आत उतरणार नाही, ही अट लेखी घाला आणि त्या दिवशी स्वतः उभे राहा. शेतकरी असाल तर स्लरीचा खड्डा आणि पडीक विहीर यांना मजबूत जाळी बसवा.

आणि कोणी आत कोसळलेला दिसला तर, कितीही जवळचा असला तरी, मागोमाग उतरू नका. १०१ किंवा ११२ वर फोन करा. झाकणे उघडा, मिळेल तर ब्लोअरने किंवा मोठ्या पंख्याने बाहेरूनच ताजी हवा आत सोडा, पंखा आणि वायरी तोंडापासून दूर ठेवा, ठिणगी उडू देऊ नका. त्याच्या अंगाला आधीच दोर असेल तर वरून ओढा. हे सांगणे सोपे आहे, बाप किंवा भाऊ खाली पडलेला असताना पाळणे महाकठीण. वाकडीत माणसे एकामागून एक उतरली ती मूर्खपणाने नाही, मायेने. म्हणूनच हे आधी, शांतपणे, घराघरात सांगून ठेवायला हवे.

जिवाणू त्यांच्या पद्धतीने श्वास घेत राहणार. पृथ्वीवर ऑक्सिजन नव्हता तेव्हापासून ते असेच जगत आले आहेत. त्या श्वासाच्या वाटेत माणूस उतरवायचा की यंत्र, एवढाच निर्णय आपला आहे.